मुडदूस ते मधुमेह

१९२१ साली 'ग्लासगो मेडिकल जर्नल' या विलायती वैद्यकीय नियतकालिकात आपल्या नाशिक शहराविषयी एक लेख आला होता. विषय होता मुडदूस. हाडं मऊ राहतात, पाय धनुष्यासारखे वाकतात, मनगटं जाड होतात, तो लहान मुलांचा आजार. मुडदूस म्हणजे गरिबीचा, अर्धपोटी माणसांचा रोग, असं त्या काळी बरेच डॉक्टर धरून चालत. नाशिकमध्ये पाहणी करणाऱ्या डॉ. हचिसन आणि त्यांच्या भारतीय सहकाऱ्यांना मात्र चित्र उलटं दिसलं. मुडदूस होता तो पडदा पाळणाऱ्या, बऱ्या परिस्थितीतल्या घरांत. तिथं खाण्यापिण्याची ददात नव्हती, पण आई आणि तान्हं मूल दोघंही घराच्या आतल्या अंगाला, अंधारात असायची. याउलट ज्या बाया कामाला बाहेर जात आणि मूल बरोबर नेत, त्यांची मुलं जाड्याभरड्या अन्नावरही सरळ हाडांची निघत. फरक ताटात नव्हता, उन्हात होता. पुढल्याच वर्षी हचिसन आणि शहा यांनी याच प्रश्नावर आणखी मोठा लेख लिहिला.

मी वैद्यकीय महाविद्यालयात जीवरसायनशास्त्र शिकवत असे, तेव्हा 'ड' जीवनसत्त्वाचा धडा बर्लिन किंवा बाल्टिमोरपासून सुरू न करता नाशिकपासून सुरू करायचो. मुलं जरा सावरून बसत. आज मात्र मला मुडदुसावर बोलायचं नाही. त्या उन्हापासून निघालेली एक वाट पुढं सत्तर-पंचाहत्तर वर्षांनी मधुमेहापाशी कशी पोचली, आणि वाटेत एका जनुकावर शास्त्रज्ञांनी केवढी आशा लावली, ती हकिगत सांगायची आहे.

ती वर्षंच मोठी धामधुमीची होती. १९१९ साली बर्लिनमध्ये कुर्ट हुल्डशिन्स्की या डॉक्टरांनी मुडदूस झालेल्या मुलांना पाऱ्याच्या दिव्याखाली बसवून बरं केलं. त्याच सुमारास इंग्लंडमध्ये एडवर्ड मेलनबी यांनी कुत्र्याच्या पिल्लांना मुडदूस आणून तो कॉडलिव्हर ऑइलनं घालवून दाखवला. १९२२ मध्ये बाल्टिमोरच्या एल्मर मॅकॉलम यांनी त्या तेलातलं मुडदूस बरं करणारं द्रव्य 'अ' जीवनसत्त्वाहून वेगळं आहे हे सिद्ध केलं. अ, ब, क ही अक्षरं आधीच वापरून झाली होती, म्हणून या द्रव्याच्या वाट्याला 'ड' आलं. ज्या संशोधनातून त्याची रासायनिक ओळख पटली, त्यासाठी जर्मनीतल्या गॉटिंगेनचे अडॉल्फ विंडाउस यांना १९२८ चं नोबेल मिळालं. हे गॉटिंगेन लक्षात ठेवा, पुन्हा लागणार आहे.

खरं म्हणजे 'ड' हे जीवनसत्त्वच नव्हे. जीवनसत्त्व बाहेरून खावं लागतं. हे आपली कातडी उन्हात बसून स्वतः तयार करते. १९६८ ते १९७१ या काळात अमेरिकेत विस्कॉन्सिनला आणि इंग्लंडमध्ये केंब्रिजला असं उलगडलं, की कातडीत बनलेलं 'ड' आधी यकृतात आणि मग मूत्रपिंडात बदलतं आणि तिथून शरीरभर कामाला निघतं. म्हणजे ते संप्रेरक झालं, इन्सुलिनच्या किंवा थायरॉइडच्या जातकुळीचं. आणि संप्रेरक म्हटलं की त्याला ओळखणारा, हाताला धरून घेणारा कुणीतरी पेशीत असायलाच हवा. त्याला रिसेप्टर म्हणतात, मराठीत ग्राही. १९६९ साली कॅलिफोर्नियात मार्क हॉसलर आणि अँथनी नॉर्मन यांना कोंबडीच्या पिल्लांच्या आतड्यात त्याचा पहिला माग लागला. १९८८ मध्ये माणसाच्या ग्राहीचं जनुक वाचलं गेलं. ते बाराव्या गुणसूत्रावर आहे आणि त्यावरून ४२७ दुव्यांचं एक प्रथिन तयार होतं. त्याच वर्षी असंही दिसलं, की काही कुटुंबांतल्या मुलांना भरपूर 'ड' देऊनही मुडदूस हटत नाही, कारण त्यांच्या या जनुकात बिघाड असतो. किल्ली शाबूत, कुलूपच मोडलेलं.

पण सगळ्यांना चकित करणारी गोष्ट त्याआधी, १९८३ साली कळली होती. हा ग्राही रक्तातल्या पांढऱ्या पेशींतही सापडला. पांढऱ्या पेशी म्हणजे शरीराचं सैन्य. त्यांना हाडांच्या जीवनसत्त्वाशी काय घेणं? तिथून 'ड'चं नाव हाडांच्या पुस्तकातून बाहेर पडलं आणि दाहाच्या पुस्तकात शिरलं.

दाह म्हणजे काय, ते थोडं सांगतो, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. बोटात काटा रुततो, बोट लाल होतं, सुजतं, गरम लागतं, ठणकतं. हा झाला उघडा दाह. तो उपयोगी असतो आणि काम झालं की विझतो. दुसरा असतो राखेखालच्या निखाऱ्यासारखा. ताप नाही, सूज नाही, पण रक्त तपासलं तर सीआरपी, इंटरल्यूकिन-६, टीएनएफ असले दाहाचे निरोपे सतत थोडे वाढलेले. प्रौढपणी होणाऱ्या मधुमेहात, म्हणजे ज्याला आपण 'टाइप टू' म्हणतो त्यात, असा धुमसता दाह आढळतो.

हे कळायला किती वेळ लागला बघा. १८७६ साली गॉटिंगेनच्याच विल्हेल्म एब्स्टाइन या वैद्यांनी लिहून ठेवलं होतं, की सोडियम सॅलिसिलेट दिल्यावर मधुमेह्यांच्या लघवीतली साखर कमी होते. सॅलिसिलेट म्हणजे अॅस्पिरिनचा मोठा भाऊ, दाह शमवणारं औषध. १९०१ मध्ये मँचेस्टरच्या विल्यमसन यांनी तेच पाहिलं. १९५७ मध्ये ग्लासगोच्या डॉक्टरांना अॅस्पिरिनच्या मोठ्या मात्रेनं पुन्हा तेच दिसलं. तीनदा निरीक्षण झालं आणि तीनदा बाजूला पडलं. एक कारण अर्थातच औषधाचा त्रास. त्या मात्रेत कान वाजतात, पोट बिघडतं. दुसरं कारण मला जास्त महत्त्वाचं वाटतं. मधुमेह हा साखरेचा रोग असं एकदा ठरल्यावर दाह बसवायला त्या चौकटीत जागाच नव्हती. ती जागा १९९३ साली झाली. गोखान होतामिस्लिगिल आणि ब्रूस स्पीगलमन यांनी अमेरिकेत दाखवलं, की लठ्ठ उंदरांची चरबीच टीएनएफ तयार करते आणि ते निष्प्रभ केलं की इन्सुलिनचं काम सुधारतं. चरबी म्हणजे नुसतं कोठार नव्हे, तिथूनही निरोप निघतात! १९९८ मध्ये लंडनच्या जॉन पिकअप यांनी तर, टाइप टू मधुमेह हा जन्मजात प्रतिकारशक्तीचा आजार आहे का, असाच सवाल टाकला.

आता दोन्ही वाटा एकमेकींजवळ येतात. 'ड' कमी असलेल्या उंदरांचं स्वादुपिंड इन्सुलिन कमी सोडतं, हे नॉर्मन यांनी १९८० मध्येच दाखवलं होतं. १९९५ साली पूर्व लंडनमध्ये बार्बरा बूशर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिथं स्थायिक झालेल्या आशियाई लोकांत हाच धागा पकडला. ऊन कमी, अंगभर कपडे, रक्तात 'ड'चा दुष्काळ. आणि ज्यांच्यात तो दुष्काळ जास्त, त्यांचं इन्सुलिन स्रवणं दुबळं. नाशिकची ती आतली खोली आठवते ना? १९९८ मध्ये ग्रॅहॅम हिटमन यांच्या गटानं बांगलादेशी मंडळींचा ग्राहीचा जनुक तपासला आणि त्यातल्या फरकांचा इन्सुलिनच्या स्रवण्याशी संबंध दिसतो, असं प्रसिद्ध केलं.

हे फरक म्हणजे काय? माणसामाणसांत या जनुकाच्या मजकुरात काही ठिकाणी एखादं अक्षर वेगळं असतं. ते शोधायची त्या काळची सोपी युक्ती म्हणजे विकराची कात्री. ठरावीक अक्षरं दिसली की ही कात्री तिथंच डीएनए कापते. कापलं गेलं तर तुमचं अक्षर एक, नाही कापलं तर दुसरं. या कात्र्या जिवाणूंपासून मिळतात आणि नावंही त्यांच्यावरूनच पडली: फोक-वन, बीएसएम-वन, एपा-वन, टॅक-वन. टॅक हा यलोस्टोनच्या गरम झऱ्यातला जिवाणू. एपा हा आंबवून आंबट करणाऱ्या, व्हिनेगरच्या घराण्यातला. ज्यांच्या नावानं हजारो माणसांच्या आरोग्याचं भविष्य सांगितलं गेलं, ते हे चार सूक्ष्म जीव!

त्यातही एक गंमत आहे. फोक-वनचा फरक खरोखर प्रथिन बदलतो. ४२७ दुव्यांऐवजी ४२४ दुव्यांचा ग्राही बनतो आणि तो किंचित जास्त चलाख असतो. बाकीचे तीन फरक प्रथिनाला हातही लावत नाहीत. ते जनुकाच्या दुसऱ्या टोकाला शेजारी शेजारी आहेत आणि बहुधा एकत्रच वारशानं येतात. म्हणजे चार साक्षीदार म्हणावेत तर त्यातले तिघे एकाच घरचे.

या चौघांची कीर्ती झाली ती मात्र मधुमेहामुळं नव्हे, हाडांमुळं. १९९४ साली 'नेचर'मध्ये सिडनीच्या नायजेल मॉरिसन, जॉन आइसमन आणि सहकाऱ्यांचा शोधनिबंध आला. हाडांच्या घनतेवर आनुवंशिकतेचा जो प्रभाव असतो, त्याचा तीन-चतुर्थांशापर्यंतचा वाटा या एका जनुकाचा, असा त्यांचा दावा होता. जुळ्या भावंडांवरच्या मोजमापातून तो निघाला होता. जगभर खळबळ उडाली. म्हातारपणी खुब्याचं हाड कुणाचं मोडेल, हे तरुणपणीच रक्ताच्या थेंबावरून सांगता येईल, अशी स्वप्नं पडू लागली. एवढा मोठा प्रभाव एकाच जनुकाचा, हे काहींना तेव्हाही खटकलं. इतरांनी मोजायला घेतलं तर कुणाला दिसे, कुणाला दिसेना. अखेर १९९७ मध्ये त्याच गटानं त्याच 'नेचर'मध्ये दुरुस्ती छापली. काही जुळ्यांच्या जनुकाची नोंदच चुकली होती. ती सुधारल्यावर प्रभाव पुष्कळच घटला. स्वतःच्या गाजलेल्या निबंधावर स्वतःच पाणी ओतायला धैर्य लागतं, आणि ते त्यांनी दाखवलं, हे मला आवर्जून सांगावंसं वाटतं. २००६ मध्ये युरोपातल्या २६,२४२ लोकांची माहिती एकत्र करून पाहिली, तेव्हा या चार फरकांचा हाडांच्या घनतेशी किंवा हाड मोडण्याशी काहीच संबंध लागला नाही.

असं असूनही याच कात्र्या मधुमेहाच्या संशोधनात वर्षानुवर्षं चालत राहिल्या. कारण सोपं आहे. काम स्वस्त होतं. पीसीआर यंत्र, थोडं जेल, चार विकरं आणि बाह्यरुग्ण विभागातले शंभर-दीडशे मधुमेही. एका विद्यार्थ्याचा प्रबंध उभा राहायचा. आणि तर्क तर फारच देखणा होता. ग्राही पांढऱ्या पेशींत आहे, तिथं तो दाहाला लगाम घालतो. ज्याचा ग्राही जन्मतः जरा ढिला, त्याच्यात दाह जास्त धुमसणार, इन्सुलिनचं काम बिघडणार. मग फोक-वनची अक्षरं मांडा, शेजारी सीआरपी मांडा, टीएनएफ मांडा, साखर मांडा आणि संबंध बघा. देशोदेशी असे अभ्यास झाले, भारतातही झाले. एका ठिकाणी एक अक्षर धोक्याचं ठरे, दुसरीकडं तेच राखणदार ठरे.

असं का व्हावं? सोपा हिशेब करू. चार फरक, दाहाची आणि साखरेची मिळून पाच मोजमापं. वीस तुलना झाल्या. मग स्त्रिया वेगळ्या, पुरुष वेगळे, सगळे एकत्र असे तीन गट पाडले की साठ. विसात एखादा निकाल निव्वळ योगायोगानं 'लक्षणीय' येऊ शकतो, अशी आपली नेहमीची कसोटी. म्हणजे काहीही खरं नसताना साठात सरासरी तीन निकाल चमकणारच. ते चमकलेले छापायला जातात, बाकीचे सत्तावन्न टेबलाच्या खणात राहतात. यात कुणी लबाडी करतं असं नाही. पुढं एकत्रित विश्लेषणं झाली, त्यातल्या काहींत आशियाई लोकांत फोक-वनचा क्षीणसा संबंध उरला, काहींत तोही नाही.

दरम्यान खेळच बदलला. एकेका आवडत्या जनुकाला पकडून विचारण्याऐवजी सगळ्या गुणसूत्रांवरच्या लाखो जागा एकदम तपासायचं तंत्र आलं. २००७ साली टाइप टू मधुमेहाच्या जनुकांची अशी पहिली मोठी यादी लागली. टीसीएफ-७-एल-२, एफटीओ अशी कुणाच्या फारशी ध्यानीमनी नसलेली नावं वर आली. 'ड'च्या ग्राहीचं नाव त्यात नव्हतं. २०१० मध्ये रक्तातलं 'ड'चं प्रमाण कोणत्या जनुकांवर ठरतं हे सुमारे ३४ हजार लोकांत पाहिलं, तिथंही पुढं आली ती 'ड' बनवणारी आणि वाहून नेणारी जनुकं. मग २०१५ मध्ये केंब्रिजच्या संशोधकांनी नामी युक्ती केली. जन्मजात जनुकांमुळंच ज्यांच्या रक्तात 'ड' आयुष्यभर थोडं कमी, त्यांना मधुमेह जास्त होतो का, हे पाहिलं. होत नव्हता. म्हणजे 'ड' कमी म्हणून मधुमेह होतो असं नसून, वाढलेलं वजन आणि घरात बसणं ही दोन्हींची सामाईक कारणं असण्याची शक्यता बळावली.

सरळ प्रश्न मग सरळच विचारला गेला. अमेरिकेत मधुमेहाच्या उंबरठ्यावर असलेल्या २,४२३ माणसांपैकी निम्म्यांना रोज ४,००० युनिट 'ड' दिलं, निम्म्यांना तशीच दिसणारी पोकळ गोळी. २०१९ साली निकाल आला. अडीच वर्षांच्या सुमारास 'ड' घेणाऱ्यांतल्या २९३ जणांना मधुमेह झाला, न घेणाऱ्यांतल्या ३२३ जणांना. फरक दिसतो, पण योगायोग नाही असं छातीठोकपणे म्हणण्याइतका नाही. त्यातल्या बहुतेकांच्या रक्तात 'ड' मुळातच पुरेसं होतं, हेही विसरून चालणार नाही. भरल्या हंड्यात पाणी ओतून काय होणार? २०२३ मध्ये असे तीन प्रयोग एकत्र केले, तेव्हा धोका सुमारे १५ टक्क्यांनी कमी भरला. तीन वर्षांत शंभरातले तिघे-चौघे वाचले म्हणा. म्हणून २०२४ च्या अमेरिकी मार्गदर्शक सूचनांत मधुमेहाच्या उंबरठ्यावरच्या लोकांना 'ड' द्यायला हरकत नाही असं म्हटलं, पण निरोगी माणसानं ऊठसूट 'ड'ची रक्ततपासणी करू नये असंही बजावलं. कुणाचं कोणतं अक्षर आहे हे पाहून गोळी द्या, असं कुठंही म्हटलेलं नाही.

दाहाचीही तीच गत. सॅलिसिलेटच्या घराण्यातल्या सालसालेट या औषधानं २०१३ मध्ये तीन महिन्यांच्या साखरेचा आकडा ०.३७ नं खाली आणला; एब्स्टाइनसाहेब बरोबर होते, पण फायदा बेताचाच. २०१७ मध्ये दहा हजार हृदयरुग्णांवर दाहाचा एक निरोप्या अडवणारं महागडं इंजेक्शन वापरलं. हृदयविकाराचे झटके कमी झाले, नवा मधुमेह मात्र टळला नाही.

आपल्याकडं हा विषय निव्वळ परीक्षानळीतला नाही. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीनुसार भारतात १० कोटींहून अधिक मधुमेही आहेत. आणि उन्हाच्या या देशात 'ड'ची चणचण आहे, हे दिल्लीच्या निरोगी माणसांवरच्या अभ्यासानं २००० सालीच दाखवलं होतं. पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे जॉन युडकिन यांचं २००४ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये छापलेलं छायाचित्र मला या बाबतीत फार बोलकं वाटतं. दोघे शेजारी उभे, दोघांचाही बीएमआय २२.३. पण युडकिन यांच्या अंगात चरबी ९.१ टक्के आणि याज्ञिकांच्या अंगात २१.२ टक्के. चरबी जर दाहाचे निरोप धाडत असेल, तर दिसायला सडपातळ मराठी माणसाच्या आत काय धुमसत असेल, त्याचं उत्तर कुठल्या एका अक्षरात मिळायचं नाही.

तरीही जनुकांचे अहवाल घरपोच मिळू लागले आहेत. रंगीत कागद, त्यात 'व्हीडीआर' अशी ओळ, समोर लाल खूण. ओळखीतले लोक तो कागद घेऊन येतात. चेहऱ्यावर काळजी असते, की दोष रक्तातच आहे, आता पथ्य करून तरी काय उपयोग? मी त्यांना सांगतो, की या लाल खुणेचा अर्थ इतकाच, की एका आंबट जिवाणूच्या कात्रीनं तुमचा डीएनए त्या जागी कापला किंवा कापला नाही. मग विचारतो, 'ड'ची पुडी घेता का? बहुतेक जण घेत असतात. ती साठ हजार युनिटची असते, आठवड्याला एक अशी ठराविक आठवडे घ्यायची. ती कुणी रोज घेतं, कुणी वर्षानुवर्षं घेतं, कुणी दुधातून मुलांनाही देतं. त्यानं रक्तातलं कॅल्शियम चढतं आणि मूत्रपिंडं कायमची दुखावू शकतात. त्यामुळं मी आधी ती पुडी कोणी, कधी आणि किती आठवड्यांसाठी लिहून दिली होती, ती चिठ्ठी मागतो. जनुकाचा कागद मग बघू म्हणतो.